धुराची जागा आणि दोषाची जागा

खानापूर तालुक्यात ज्यांच्या दाराशी जुनी पिकअप उभी आहे, त्यांना तिची योग्यता निराळी सांगावी लागत नाही. खानापूरच्या मातीच्या विटा आणि कौले बेळगावच्या बांधकामांवर पोहोचवणे, पहाटेच्या अंधारात वाडीवाडीचे दूध गोळा करून डेअरीत घालणे, जांबोटी-कणकुंबीच्या वाटेने चोर्ला घाट उतरून गोव्याच्या बाजारात भाजीपाला नेणे, आणि सुगीच्या दिवसांत भाताची पोती व पिंजर खळ्यावरून घरी आणणे, अशी नाना तऱ्हेची कामे करीत वर्षानुवर्षे झिजलेली ही गाडी एखाद्या पावसाळी संध्याकाळी डॅशबोर्डाखालून किंवा बॉनेटच्या फटीतून करड्या धुराची रेघ सोडू लागली, म्हणजे मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो खर्चाचा. आणि दुसरा येतो तो समोर दिसणारी जळकी वायर कापून, तिच्या जागी नवा तुकडा जोडून, वर टेप गुंडाळून तूर्त गाडी मार्गी लावण्याचा. हा दुसरा विचारच पुढे महाग पडतो. विजेच्या धुराच्या बाबतीत धूर निघण्याची जागा एक आणि दोष असण्याची जागा दुसरीच, असे पुष्कळदा घडते. आणि जोवर मूळ दोष हाती लागला नाही, तोवर जळलेली वायर बदलणे म्हणजे पुढच्या खेपेस जळण्यासाठी नवी वायर पुरवणे होय.

तपासाचा मार्ग सांगण्यापूर्वी धूर दिसल्याबरोबर काय करावे, हे सांगणे अगत्याचे आहे. गाडी रस्त्याच्या कडेला, शक्य तितक्या मोकळ्या जागी घ्यावी. हौद्यात पेंढा, पोती किंवा बारदान असेल तर विशेष त्वरा करावी. चावी बंद करून सर्वांना खाली उतरवावे. बॉनेट एकदम सताड उघडू नये, कारण आत धुमसणाऱ्या ज्वाळेला ताजी हवा मिळाली की ती भडकते. थोडीशी फट करून आत पाहावे, आणि ज्वाळा नाही अशी खातरजमा झाल्यावरच ते पूर्ण उघडावे. ज्वाळा दिसलीच तर कोरड्या भुकटीचा अग्निशामक वापरावा, तो नसेल तर माती टाकावी. तेल-डिझेलाने माखलेल्या इंजिनावर पाण्याच्या बादल्या ओतू नयेत. आणि आग हाताबाहेर जाते आहे असे दिसले, तर गाडीचा लोभ सोडून दूर व्हावे. ज्वाळा नसेल तर बॅटरीची केबल काढावी, आणि ती काढताना निगेटिव्ह बाजूची प्रथम काढावी. हा क्रम केवळ शिरस्ता म्हणून सांगितलेला नाही. गाडीचे सारे लोखंडी अंग निगेटिव्हला जोडलेले असते, त्यामुळे निगेटिव्हचा नटबोल्ट सोडवताना पान्हा बॉडीला लागला तर काहीही होत नाही. परंतु पॉझिटिव्हवर पान्हा फिरवीत असताना त्याचे दुसरे टोक बॉडीला टेकले, तर बॅटरीतून शेकडो अँपिअरांचा प्रवाह त्या पान्ह्यातून धावतो, पान्हा तापून लाल होतो, आणि बॅटरीभोवती हायड्रोजन साचलेला असल्यास स्फोटही होतो. पुन्हा जोडताना अर्थातच उलट क्रम: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी.

केबल काढण्याचे कारणही ध्यानात ठेवावे. चावी बंद केली म्हणजे वीज बंद झाली, असा समज सर्वत्र आहे आणि तो खोटा आहे. सेल्फची जाड केबल, अल्टरनेटरची वायर, चावीच्या स्विचपर्यंत येणारी वायर, हॉर्न, आणि कित्येक जुन्या गाड्यांत हेडलाइटसुद्धा, चावीची पर्वा न करता थेट बॅटरीवर असतात. ‘चावी काढली तरी धूर थांबत नाही’ अशी तक्रार ज्या गाडीबद्दल येते, तिचा दोष या मंडळींपैकीच कोणाचा तरी असतो, हा तपासातला पहिला धागा तेथेच हाती येतो. प्लास्टिकच्या वेष्टनाचा धूर नाकाजवळ घेऊन हुंगत बसू नये, हेही येथेच सांगून टाकतो. ते वेष्टन पी.व्ही.सी.चे असते आणि जळताना हायड्रोजन क्लोराईड हा आम्लधर्मी वायू सोडते, जो डोळे आणि घसा चांगलाच पोळवतो. आणि धूर थांबला म्हणून ‘एकदा चालू करून बघू’ हा मोह मात्र निश्चयाने टाळावा. पहिल्या धुराने एक वायर जळते. दुसऱ्या प्रयत्नाने तिच्यासोबत एकाच जुडीत बांधलेल्या दहा वायरींची वेष्टने वितळून एकमेकींना चिकटतात, आणि मग मूळ अपराधी कोण हे ओळखण्याची सोयच उरत नाही.

धूर विजेचाच आहे ना, याचा निर्णय वासावरून बहुधा दुरूनही करता येतो. वायरीचा वास उग्र, आंबट आणि घशाला झोंबणारा असतो. मोटारीचे वेटोळे जळाले तर वार्निश करपल्याचा वास येतो. सायलेन्सरच्या नळीवर तेल ठिबकत असेल तर तेलकट निळा धूर. रेडिएटरची गळती असेल तर पांढरी वाफ. आणि घाट चढून आल्यावर क्लचपट्टी जळाल्याचा वास तर प्रत्येक चालक ओळखतो. पट्टा घासून रबर जळत असेल, तर मात्र अल्टरनेटरचे बेअरिंग जाम झाले आहे काय हे पाहावे, कारण हा धूर रबराचा असला तरी त्याचे मूळ विजेच्या यंत्रात असते.

आता उष्णता निर्माण होते कशी, हे थोडक्यात समजून घेतले पाहिजे, कारण पुढील सर्व तपास या एका गोष्टीवर उभा आहे. जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली प्रसिद्ध केलेला नियम असा की, तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणात वाढते. याचा अर्थ, वायर दोन कारणांनी तापते: एक, तिच्या कुवतीबाहेरचा प्रवाह तिच्यातून गेल्यामुळे, आणि दुसरे, प्रवाह रास्त असूनही वाटेतल्या एखाद्या सैल किंवा गंजक्या जोडात रोध वाढल्यामुळे. पहिल्या प्रकारचे उदाहरण हेडलाइटचे. ६०/५५ वॅटचे दोन बल्ब अप्परवर १२ व्होल्टच्या गाडीत सुमारे १० अँपिअर प्रवाह घेतात. चोर्ल्याच्या धुक्यात उजेड कमी पडतो म्हणून त्यांच्या जागी १०० वॅटचे बल्ब बसवले की तोच प्रवाह साडेसोळाच्या वर जातो, आणि त्याच वायरीत, त्याच स्विचात उत्पन्न होणारी उष्णता जवळजवळ पावणेतीन पट होते. दुसऱ्या प्रकारात बल्ब मूळचेच असतात, प्रवाहही १० अँपिअरच्या आसपासच असतो. परंतु स्विचाच्या मागच्या पिनेत एक-पंचमांश ओहमाचा रोध गंजामुळे उत्पन्न झालेला असतो. गणित केले तर त्या पिनेच्या टोकाएवढ्या जागेत सुमारे २० वॅट उष्णता सतत मोकळी होत राहते. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर ज्या सोल्डरिंग आयर्नने शिसे-कथील वितळवतो, ते साधारण २५ वॅटचे असते. तेव्हा डॅशबोर्डाच्या मागे, प्लास्टिकच्या कोंदणात, रात्रभर काय चाललेले असते याची कल्पना यावी.

येथेच फ्यूजसंबंधीचा एक दृढ गैरसमज दूर केला पाहिजे. फ्यूज प्रवाह वाढला तरच उडतो. दुसऱ्या प्रकारच्या दोषात प्रवाह वाढतच नाही, उलट किंचित घटतो. सबब फ्यूज शाबूत राहतो, आणि त्याच्या शाबूत असण्याचा दाखला देऊन ‘शॉर्ट नाही, काही काळजी नाही’ असे सांगितले जाते. जुन्या गाडीत धुराची बरीच प्रकरणे याच, फ्यूजला न दिसणाऱ्या प्रकारची असतात. दिवे पूर्वीपेक्षा मंद वाटणे, अप्पर-डिपरचा दांडा हाताला कोमट लागणे, फ्यूजच्या पेटीचे प्लास्टिक एका कोपऱ्यात तपकिरी पडणे, ही धुरापूर्वी कित्येक आठवडे मिळणारी सूचना आहे. तिच्याकडे दुर्लक्ष न करणारा मालक पुढचा मोठा खर्च वाचवतो.

गाडी थंड झाल्यावर, काहीही न कापता, न ओढता, प्रथम केवळ पाहावे आणि चालकाची कैफियत ऐकावी. धूर निघाला तेव्हा काय काय चालू होते? वायपर? दिवे? सेल्फ मारतानाच निघाला की चालत्या गाडीत? ब्रेक दाबल्यावर निघाला का, रिव्हर्स टाकल्यावर निघाला का? दोन दिवसांपूर्वी कोणी वेल्डिंग केले, टेप बसवला, दिव्यांची माळ लावली? या प्रश्नांची उत्तरे कागदावर टिपून ठेवावीत आणि जळलेल्या भागाची मोबाईलवर छायाचित्रे घ्यावीत; वायरिंग उलगडल्यावर कोणती वायर कोठून निघाली होती, हे आठवणीच्या भरवशावर सोडणे बरे नव्हे.

मग जळलेल्या वायरीकडे निरखून पाहावे, कारण जळण्याच्या रीतीतच दोषाची जात लिहिलेली असते. वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी फुगलेली, वेष्टन सर्वत्र नरम पडून सुरकुतलेले असेल, तर तिच्यातून प्रवाह बेसुमार गेला आहे. दोष तिच्यात नाही, तिच्या पुढे कोठेतरी आहे, आणि ती जेथे जेथे जाते तेथवर तिचा माग काढला पाहिजे. उलट, वायर सगळी नवीसारखी आणि फक्त जोडाजवळचे बोट-दीड बोट काळे, असे दिसले तर तो जोडच दोषी. तिसरा प्रकार असा की वेष्टन एकाच बाजूने, बाहेरून भाजलेले असते, आतले तांबे मात्र चकचकीत लालसर असते. ही वायर विजेने तापलेलीच नाही, ती क्लिप तुटल्यामुळे सायलेन्सरच्या नळीवर लोंबली आहे. फ्यूजही असाच बोलका असतो. जुन्या पद्धतीच्या काचेच्या फ्यूजमध्ये काच आतून काळवंडून आरशासारखी झाली असेल, तर तार क्षणार्धात वाफ होऊन उडालेली आहे, अर्थात कोठेतरी थेट शॉर्ट आहे. काच स्वच्छ आणि तार मध्येच शांतपणे तुटलेली असेल, तर भार थोडाच परंतु दीर्घकाळ जास्त होता. आणि तार शाबूत पण फ्यूजची एक टोपी किंवा एक पाय करपलेला असेल, तर पेटीतली त्याची पकड सैल झाली आहे. तेथे नवा फ्यूज घालून काहीच साधत नाही, ती पकडच बदलावी लागते.

आता प्रत्यक्ष शोधाची रीत सांगतो. तिला लागते ते एक इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याचा होल्डर, आणि दोन हात वायर. बेळगावच्या कोणत्याही सुट्या भागांच्या दुकानात हे मिळते. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढलेली आहेच. ती केबल आणि बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल यांच्या मध्ये हा बल्ब जोडावा, म्हणजे गाडीत जाणारी सारी वीज या बल्बातूनच जाईल. या योजनेची खुबी अशी की, आत कितीही भयंकर शॉर्ट असला तरी बल्ब पावणेदोन अँपिअरांहून अधिक प्रवाह जाऊ देत नाही. त्यामुळे नवे फ्यूज उडत नाहीत, वायर तापत नाही, धूर निघत नाही, आणि शोधणाऱ्याला निवांत वेळ मिळतो. चावी बंद, दारे बंद, सर्व स्विच बंद असताना बल्ब विझलेला राहिला पाहिजे. घड्याळ किंवा टेपच्या स्मृतीसाठी लागणारा किरकोळ प्रवाह या बल्बाला पेटवू शकत नाही. बल्ब ठळक पेटला, तर चावीची पर्वा न करणाऱ्या एखाद्या वायरीत शॉर्ट आहे असे समजावे आणि एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला हात लावताच बल्ब विझेल, त्याच्याच वाटेवर दोष आहे. सगळे फ्यूज काढूनही बल्ब पेटलेलाच राहिला, तर फ्यूजविना असलेल्या वायरी उरतात: अल्टरनेटरची मागची वायर सोडवून पाहावी, आणि ती सोडताच बल्ब विझला तर आतले डायोड फुटले आहेत किंवा त्या वायरीचे वेष्टन गेले आहे, नाहीतर सेल्फची केबल, नाहीतर चावीचा स्विच.

बल्ब विझलेला असेल तर पुढे जाऊन चावी फिरवावी, आणि एकेक स्विच चालू करून पाहावा. येथे थोडे तारतम्य लागते. जुन्या डिझेल इंजिनांत हीटर प्लग असतील तर चावी फिरवताच बल्ब पूर्ण तेजाने पेटेल, कारण हे प्लग स्वभावतःच मोठा प्रवाह घेतात. म्हणून त्यांची वायर आधी काढून ठेवावी. हेडलाइटची वायर तपासताना हेडलाइटचे बल्ब काढून घ्यावेत; बल्ब नसतानाही आपला तपासणीचा दिवा पेटला, तर तो प्रवाह वाटेतूनच पळतो आहे, हे सिद्ध झाले. सेल्फ मारून पाहू नये; या बल्बातून सेल्फ फिरणार नाहीच. एकदा दोषी फ्यूजचा मार्ग कळला की दिवा पेटता ठेवून त्या मार्गावरची वायरिंगची जुडी हातभर-हातभर अंतराने हलवीत जावे, दरवाजाच्या बिजागरीशी, केबिनच्या पत्र्यातून ती बाहेर पडते त्या भोकाशी, चासीवरच्या प्रत्येक क्लिपेशी. एका ठिकाणी दिवा फडफडेल, आणि तेथे बोट ठेवले की वेष्टन घासून उघडे पडलेले तांबे सापडेल. दोन माणसे असली तर हे काम फार सोपे होते: एकाने दिव्यावर नजर ठेवावी, दुसऱ्याने गाडीखाली जावे.

आपल्या भागातील पिकअपींत अशी उघडी जागा कोठे सापडते, याविषयी काही ठोकताळे आहेत. पाठीमागच्या दिव्यांची वायर चासीच्या कडेने हौद्याखालून जाते. कच्च्या रस्त्यावरचे खडे, लाल चिखल आणि घाटातला पाऊस यांचा मारा तिच्यावर वर्षातले चार महिने चालू असतो, आणि तिचे मधले सांधे पाण्याने हिरवट पडून आतून सडतात. निपाणीकडच्या तंबाखू वाहणाऱ्या गाडीची दुखणी कोरड्या धुळीची आणि उन्हाने तडकलेल्या वेष्टनाची. खानापूर-जांबोटीकडच्या गाडीची दुखणी ओलाव्याची. हौदा नवा बांधताना किंवा त्याची फळी डागताना केलेले वेल्डिंग हे दुसरे मोठे कारण. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या दोन्ही केबली आणि अल्टरनेटरची वायर सोडवावी, आणि जेथे ठिणगी पडणार तेथील वायरिंग बाजूला घ्यावे, असा आग्रह मालकाने स्वतः उभे राहून धरला पाहिजे. तिसरे कारण उंदीर. भाताची सुगी संपून शेते मोकळी झाली की उंदीर-घुशी गोठ्याकडे आणि पिंजराच्या गंजीकडे वळतात. रात्री गोठ्याच्या आडोशाला उभ्या केलेल्या गाडीचे गरम इंजिन त्यांना आयते घर मिळते, आणि कुरतडलेल्या दोन शेजारच्या वायरींचे तांबे एकमेकांना लागायला एक खड्डा पुरतो. बॉनेटखाली भाताच्या काड्या किंवा लेंड्या दिसल्या, तर तपास तेथूनच सुरू करावा. चौथे कारण मात्र माणसाचे आहे: जादा हॉर्न, धुक्याचे दिवे, गणपतीतल्या मिरवणुकीसाठी लावलेली रोषणाई, मोबाईल भरण्याची सोय, हे सारे बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट, फ्यूज न घालता, घरगुती पातळ वायरीने ओढलेले असते. बॅटरीच्या टर्मिनलवर मूळच्या केबलीखेरीज ज्या ज्या वायरी अडकवलेल्या दिसतील, त्या सर्व संशयित मानून प्रथम काढून टाकाव्यात. मूळ गाडीला त्यांची गरज कधीच नव्हती.

आता मी त्या प्रकाराकडे येतो, ज्याने कित्येक चांगल्या मिस्त्रींना चकवले आहे. सेल्फ मारला की ॲक्सिलरेटरच्या केबलमधून धूर निघतो. कधी क्लचच्या, कधी स्पीडोमीटरच्या. केबल बदलतात, नवी केबल काही दिवस नीट चालते आणि पुन्हा जळते. ॲक्सिलरेटरच्या केबलमध्ये तर वीज नसतेच, मग ती जळते कशी? उत्तर अर्थिंगमध्ये आहे. इंजिन रबरी गाद्यांवर बसवलेले असते, त्यामुळे चासीपासून ते विजेच्या दृष्टीने तुटलेले असते. सेल्फला लागणारे दोन-तीनशे अँपिअर बॅटरीकडे परत जाण्यासाठी इंजिन आणि चासी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली एक जाड पट्टी लावलेली असते. ही पट्टी गंजली, तिचा बोल्ट सैल झाला, किंवा इंजिनाचे काम करताना ती काढली आणि पुन्हा लावायची राहिली, की शेतातल्या पाटात ढेकूळ पडून वाट अडल्यावर पाणी जसे बांध फोडून भलत्याच वाफ्यात शिरते, तसा हा प्रवाह इंजिनाला जोडलेल्या ज्या कोणत्या पातळ पोलादी केबली सापडतील त्यांतून परत जाऊ पाहतो. त्या केबली या कामासाठी नाहीत. त्या तापून लाल होतात, त्यांचे प्लास्टिकचे आवरण वितळते, आणि धूर निघतो. ज्या जागी धूर दिसला ती जागा सर्वस्वी निरपराध असते.

हा दोष पकडणे सोपे आहे. तपासणीचा बल्ब काढून निगेटिव्ह केबल आधी पूर्ववत जोडावी. साधा मल्टिमीटर २० व्होल्टच्या घरावर ठेवून त्याची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनाच्या घासून स्वच्छ केलेल्या धातूवर धरावी, आणि दुसऱ्याने क्षणभर सेल्फ मारावा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला पाहिजे, आणि जितका कमी तितका बरा. एक-दोन व्होल्ट दिसले तर पट्टी नापास. हेच परीक्षण प्रत्येक दिव्याच्या बाबतीत करता येते: दिवा पेटता ठेवून, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दिव्याच्या पॉझिटिव्ह पिनेपर्यंत अर्ध्या व्होल्टहून अधिक घट असेल तर वाटेत एखादा जोड वीज खात आहे, आणि जे खातो आहे तेच तापते आहे. इंडिकेटर लावला की टेल लॅम्पही उघडझाप करतो, हेही कच्च्या अर्थिंगचेच लक्षण. त्या दिव्याच्या काळ्या वायरीचा स्क्रू काढून, खालचा रंग-गंज पत्रा चमकेपर्यंत घासून, नव्या लगने बसवला की बहुधा प्रश्न मिटतो.

बॅटरी आणि अल्टरनेटर यांची परीक्षा दोन आकड्यांत संपते. रात्रभर स्वस्थ उभ्या राहिलेल्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसावेत. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. इंजिन चालू असताना १५ च्या वर आकडा गेला तर रेग्युलेटर गेला आहे. बॅटरी उकळते, कुजक्या अंड्याचा वास येतो, बल्ब वारंवार उडतात, आणि तशीच गाडी चालवत राहिल्यास सारे वायरिंग अकाली म्हातारे होते.

दुरुस्तीबद्दल सांगावयाचे ते आग्रहपूर्वक सांगतो. घराच्या वायरिंगची एकतारी ताठ वायर गाडीत कधीही वापरू नये. ती हादऱ्याने तुटते. गाडीसाठी मिळणारी अनेक बारीक तारांची वायर घ्यावी, आणि मूळच्या वायरीहून एक सूतही पातळ घेऊ नये. पीळ देऊन टेप गुंडाळलेला सांधा हा सांधा नव्हेच. लग नीट दाबून बसवावा, वर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी, आणि पाण्याच्या माऱ्यातला सांधा शक्य तर टाळून सलग वायरच टाकावी. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रॉमेट असलेच पाहिजे. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद घालणे म्हणजे सगळ्या वायरिंगलाच फ्यूज करणे होय. पात्यांच्या नव्या फ्यूजांत लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा आणि हिरवा ३० चा असतो. उडालेल्या लालच्या जागी लालच घालावा, आणि तो पुन्हा उडाला तर वर सांगितलेला बल्ब बाहेर काढावा. उजेड जास्त हवाच असेल, तर हेडलाइटला स्वतंत्र रिले बसवून जाड वायरीने, फ्यूज घालून, बॅटरीवरून वीज द्यावी. स्विचावरचा भार नाहीसा होतो, आणि व्होल्टची घट वाचल्यामुळे मूळच्याच बल्बांचा उजेड लक्षणीय वाढतो. घाटात रात्री जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हा खर्च मी योग्य समजतो.

या तपासाला जुनी गाडीच अधिक अनुकूल असते. १९८८ साली आलेली टाटामोबाईल असो, २००० नंतरच्या बोलेरोच्या पिढीतली पिकअप असो, की २००५ साली आलेला ‘छोटा हत्ती’ असो, त्या काळच्या गाड्यांच्या वायरिंगचा माग चिकाटीच्या माणसाला डोळ्यांनी काढता येतो. अलीकडच्या गाड्यांत इंजिनावर हुकूम चालवणारे संगणक असतात, आणि तेथे बॅटरी जोडण्या-काढण्यापूर्वी जाणकाराला विचारणेच शहाणपणाचे. जाणकारांची आपल्याकडे वाण नाही. ज्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींच्या दुकानापासून आपल्या उद्योगाचा श्रीगणेशा केला, त्या शहरात आज उद्यमबागेपासून गल्लीबोळांतील गॅरेजांपर्यंत यंत्राची नस ओळखणारे हात विपुल आहेत. वाण असते ती वेळेची. ‘संध्याकाळपर्यंत गाडी हवी’ असे सांगून सोडलेल्या गाडीला कारागीर टेपच गुंडाळणार; त्याला एक पूर्ण दिवस द्यावा, आपली टिपणे आणि छायाचित्रे दाखवावीत, आणि ‘जळलेले बदला’ असे न म्हणता ‘का जळले ते दाखवा’ असे म्हणावे. शोधासाठी लागलेल्या वेळाची मजुरी मागितली तर ती घासाघीस न करता द्यावी; ती वायरच्या किमतीहून मोलाची आहे.

मृग लागण्यापूर्वी इंजिनाची अर्थिंग पट्टी सोडवून, दोन्ही टोके घासून, ग्रीस लावून पुन्हा आवळून घ्यावी, आणि केबिनमध्ये हाताशी येईल असा एक लहान अग्निशामक व दहा नंबरचा पान्हा कायमचा ठेवावा. मात्र त्यापूर्वी त्या पान्ह्याने आपल्या बॅटरीचा नट सुटतो ना, हे पाहून घ्यावे. आणि ज्यांच्या गाडीतून नुकताच धूर निघाला असून टेप गुंडाळून जी अजून चालवली जात आहे, त्यांना एवढीच विनंती की, कारण सापडेपर्यंत ती गाडी रात्री गोठ्यात किंवा पिंजराच्या गंजीजवळ ठेवू नये. मोकळ्या अंगणात, निगेटिव्ह केबल काढून उभी करावी.